उलटा तीन

तोंडावर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठ वळली की शीताई. नवख्या माणसाला वाटे, असेल एखादं जुन्या वळणाचं सोज्वळ नाव. तो दिवसभर तिच्याजवळ काम करी आणि संध्याकाळपर्यंत नावाची व्युत्पत्ती त्याला आपोआप कळे. चहाच्या पेल्याच्या कडेला कुणाच्या ओठांचा डाग दिसला, शी. बाकावर खाताना कुणी सांडून ठेवलं असलं, शी. भिंतीला टेकून उभं राहायचं तर आधी ती भिंतीकडे असं बघे, की भिंतीनेच लाजून मागे सरकावं.

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची धाकटी बहीण अशा दोघीच राहत. धाकटी दवाखान्याच्या तपासणी खोलीत कामाला होती. आलेल्या बाटल्या-डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि त्यांचा हिशोब ठेवणं हे तिचं काम. जेवताना थोरलीची कुरकुर सुरू झाली की धाकटी म्हणे, "ताई, तू नुसती शी म्हणतेस. मी रोज सत्तर मोजते. जेव मुकाट्याने."

ताईचं काम आकड्यांचं. वडील पाट्या रंगवत. ते गेल्यावर अक्षरं भावाने उचलली आणि यंत्रावर छापायला घेतली. आकडे उरले, ते हिच्या वाट्याला आले. घरांचे नंबर, विजेच्या खांबांचे, शाळेच्या बाकांचे, दवाखान्यातल्या खाटांचे. पत्र्यात कापलेले शून्य ते नऊ असे दहा साचे, आखूड केसांचा एक ब्रश आणि डबाभर रंग, एवढाच तिचा पसारा. साचा टेकवायचा, ब्रश उभा धरून ठोकायचा, साचा उचलायचा. तीस वर्षांत एक नंबर चुकला नाही, असं ती स्वतः कधी सांगत नसे. दुसरं कुणी सांगू लागलं तर मात्र थांबून पूर्ण ऐकून घेई.

गाव जुनं होतं. किती जुनं असं विचारलं की जो तो आपल्या मर्जीने शंभर-दोनशे वर्षं वाढवून सांगे. कुठल्याही गल्लीत शिरा, वळणावर एक देऊळ उभं असेच, काळ्या दगडाचं, अंगभर कोरलेलं. आणि गावाने त्या देवळांचं जे करून ठेवलं होतं ते पाहून ताईला एक शी पुरत नसे. चार हातांच्या मूर्तीच्या दोन हातांना कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली. नर्तकीच्या बेंबीत खिळा ठोकून वर विजेचा मीटर. मागच्या भिंतींशी तर पुरुषमाणसं अशी निवांत उभी राहत, जणू त्या त्यासाठीच बांधल्या आहेत. पण सगळ्यांत वाईट होता तो तैलरंग. दर दोन-चार वर्षांनी कुणाला तरी पुण्याची हुक्की येई आणि तो डबे घेऊन हजर होई. गुलाबीवर पोपटी, पोपटीवर निळा, निळ्यावर चंदेरी. नाकडोळे बुजून दगडातली तोंडं गांधीलमाशी चावल्यासारखी सुजली होती. दगडांवर वेली कोरल्या आहेत असं जुनी माणसं सांगत. आता नुसते फुगवटे दिसत, हात लावला तर चिकट लागणारे.

"एवढा रंग ओतला," ती धाकटीला म्हणाली, "आणि एकालाही रंगवायची अक्कल नाही. ओघळ तरी पुसावेत की नाही मेल्यांनी!"

असल्याच एका देवळाची मागची भिंत खचली. शेजारचं गटार कित्येक वर्षं फुटलेलं होतं आणि साऱ्या गल्लीची घाण मुकाट्याने भिंतीच्या पायात मुरत होती. दुरुस्तीसाठी एक इंजिनीअर बाई आल्या. वयाने लहान, बोलायला तोलूनमापून. त्यांनी ठरवलं की भिंत एकेक दगड करून उतरवायची, पाया नव्याने घालायचा आणि तोच दगड त्याच जागी परत बसवायचा. त्यासाठी दगडादगडाला नंबर हवा. खालून मोजत थराचा आकडा आधी, मग रेघ, मग त्या थरात डावीकडून कितवा दगड तो आकडा. दहा थर, एकेका थरात एकोणीस दगड. नंबर दगडाच्या वरच्या अंगावर, दर्शनी बाजूला नाही. म्हणजे भिंत पुन्हा उभी राहिली की तो झाकलाच जाईल.

"न दिसणारं काम जास्त नीट करावं लागतं, ताई," इंजिनीअर बाई म्हणाल्या.

"मी दोन्ही सारखंच करते," ताई म्हणाली.

काम वरून खाली चाललं. थर मोकळा झाला की ताई वर चढे, नंबर घाली, वहीत लिही. मग गवंडी दगड उतरवून देत, हमाल तो पलीकडच्या पटांगणात नेत आणि नुसता नंबर बघून ज्या त्या थराच्या ढिगात ठेवत. वरच्या थरांच्या फटींत वटवाघळांनी पिढ्यान्‌पिढ्यांची भर घातली होती. सहाव्याच्या खाली ओल सुरू झाली. चौथ्यापर्यंत येईतो असा वास सुटला की गवंड्यांनीही तोंडाला फडकी बांधली. ताईने दोन बांधली, एकावर एक.

पटांगणातल्या ढिगांवर एक म्हातारा रखवालदार होता. सगळे त्याला काका म्हणत. दिवसा तो मुलीच्या घरी झोपे आणि दिवस मावळायच्या आत दगडांपाशी येऊन बसे. दाढीला तंबाखूचा रंग होता आणि सदऱ्याला कशाचा होता ते विचारू नये. खोकला काढायचा तो पोटाच्या तळातून, आणि वर जे येई ते कुठे टाकावं याचा फारसा विचार न करता टाकायचा. वारा कुठून वाहतो ते बघून ताई त्याच्या आसपास उभी राही.

"ताई, चहा घेणार?" पेला सदऱ्याच्या टोकाने पुसत तो विचारी.

"नको. पित्त आहे."

"रोजच?"

"रोजच."

"काका, तुमचा आणि ताईंचा छत्तीसचा आकडा दिसतो," मुख्य गवंडी म्हणाला.

"त्यांनाच विचार. आकडे त्यांच्याकडे असतात," असं म्हणून काका खोकला येईपर्यंत हसला. ताई चार पावलं मागे सरकली.

तिसऱ्या थराचे चौदा दगड झाले. उरलेले पाच गटाराच्या अंगाचे. ताई पंधराव्या दगडाशी बसली आणि तेवढ्यात वर कुठेतरी तुंबलेलं सुटलं. फुटक्या तोंडातून काळा, दाट लोट आला, त्यात केस होते, साली होत्या, आणखी काय काय होतं. दचकून तिच्या हातातला तीनचा साचा सुटला आणि त्या घाणीत पालथा पडला.

दोन काड्यांनी उचलून तिने तो नळाखाली नेला. साबण लावून तीनदा धुतला. पत्रा लखलखीत झाला. पण साच्याची जी बाजू त्या घाणीत तोंड घालून पडली होती, तीच आता वर राहणार, तिच्यावर आपलं बोट टेकणार, ब्रश फिरणार. नको. ती बाजू जाऊ दे दगडाकडे. तिने साचा उलटा धरला. नाकावर दुहेरी फडकं, त्यातून वर येणाऱ्या वाफेने चष्मा धुरकटलेला, श्वास कोंडलेला, मान दुसरीकडे. ते पाच दगड तिने उरकले. एरवी ती नंबर उरकत नसे. वहीत मात्र नेहमीच्या सुबक हाताने लिहिलं: ३/१५, ३/१६, ३/१७, ३/१८, ३/१९. घरी जाऊन दोनदा अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी तीनचा नवा साचा कापून घेतला आणि जुना फेकून दिला. साचा उलटा धरला होता हे त्या अंघोळीबरोबर तिच्या डोक्यातूनही वाहून गेलं.

आठ महिन्यांनी नवा पाया तयार झाला. उन्हापाण्याने काही नंबर पुसट झाले होते, ते वाचून द्यायला ताईला बोलावलं. पहिला थर बसला, दुसरा बसला. तिसऱ्याच्या ढिगात चौदाच दगड निघाले.

"तीन तिगाडा, काम बिगाडा," मुख्य गवंडी पुटपुटला.

इंजिनीअर बाई आठवडाभर परगावी होत्या. ठेकेदार आला. त्याला प्रत्येक वाक्याला पँट वर ओढायची सवय होती.

"ताई, वही आणा. पंधरा ते एकोणीस. लिहिलेत?"

"लिहिलेत."

"म्हणजे दगड भिंतीत होते आणि त्यांच्यावर नंबर पडला होता."

"माझ्या वहीत आहेत म्हणजे होते," ताई म्हणाली.

"मग गेले कुठे? दगडांना पाय फुटले?"

सगळ्यांनी एकाच वेळी पटांगणाच्या टोकाकडे पाहिलं. काका नुकताच कामावर आला होता आणि बाकावर बसून पायाचं बोट खाजवत होता.

"जुन्या दगडाला गिऱ्हाईक असतं," ठेकेदार त्याच्यापुढे जाऊन म्हणाला. "बंगल्यांच्या बागांत ठेवतात लोक. कुणाला दिलेस?"

"एकेक दगड उचलायला चार माणसं लागतात," काका म्हणाला. "मी काय खिशात घालून नेले?"

"उचलायला तू कशाला हवास? तू फक्त डोळे मिटायचे."

"ताई, तुम्ही सांगा. तुम्ही बघता मला रोज."

ताईने बघितलं. सदऱ्याची कॉलर, दाढीतला तो ओला पिवळा पट्टा, ज्या नखांनी पाय खाजवला ती नखं. "मला काय माहीत," ती म्हणाली. "मी माझे नंबर घालते."

काकाला त्याच दिवशी काढून टाकलं. ठेकेदाराने पाच नवे दगड कापायला सांगितले आणि ते येईपर्यंत पुढचं काम थांबलं. ताईला त्याने बाकीच्या ढिगांवरचे पुसट नंबर उजळायला बसवलं. दोन दिवसांनी मुख्य गवंडी बातमी घेऊन आला. काकाच्या जावयाने त्याला रविवारपर्यंतची मुदत दिली होती: दगडांचा छडा लागला तर ठीक, नाहीतर चोराचं बिऱ्हाड माझ्या घरात नको.

"बरोबर आहे त्याचं," त्या रात्री जेवताना ताई म्हणाली. "असला माणूस घरात ठेवायचा म्हणजे..."

"तू पाहिलंस त्याला दगड देताना?" धाकटीने विचारलं.

"पाहायला कशाला हवं? एकदा त्याची नखं बघ."

"नखांवरून मी फार तर जंत सांगीन, ताई. चोरी सांगता येत नाही."

शनिवारी ताई सहाव्या थराच्या ढिगाशी पोचली. ६/१५ उजळला. दोन दगड पुढे गेली आणि पुन्हा ६/१५ आला. तिला वाटलं, आपण फिरून तिथेच आलो. मग तिने दगड मोजले. एकोणीस हवेत, चोवीस होते. पंधरापासून एकोणीसपर्यंत प्रत्येक नंबर दोनदा.

ती एका दगडावरून दुसऱ्यावर बघत राहिली. तिच्या साच्यातल्या सहाची शेपटी उजवीकडे जाई, वडिलांनी तशी घोटून घेतली होती. एका ६/१५ ची तशीच होती. दुसऱ्याची डावीकडे गेली होती. सहा असा नसतो. पण तीन पत्र्यात कापला आणि पत्रा पालथा केला, तर तो हुबेहूब सहा होतो, फक्त त्याची शेपटी डावीकडे जाते. पाच असता, सात असता, तर उलटा पडल्यावर हमालालाही वाचता आला नसता आणि तिथल्या तिथे बोंब झाली असती. तीनने उलटून सहाचं सोंग घेतलं होतं, आणि नंबर बघून दगड मांडणाऱ्यांनी तो इमानाने सहाव्याच्या ढिगात आणून ठेवला होता. तिने वीत लावून पाहिलं. हे पाच दगड बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच होते. तिसऱ्या थराचे.

मग तिला सगळंच आठवलं. काळा लोट, नळ, साबण, धुरकट काच.

आजूबाजूला कुणी नव्हतं. ब्रश ओला होता. पाच आकडे खोडून तीन घालायला दहा मिनिटं पुरली असती. ढिगामागे सापडले म्हणायचं. लोक म्हणतील, म्हाताऱ्याने घाबरून परत आणून टाकले. म्हणोत, असं तिच्या मनात आलं, अगदी सहज, जसं बाकावरचा कचरा दुसऱ्याच्या जागेकडे लोटावा तसं. आणि मग तिला स्वतःचीच अशी शिसारी आली की ब्रश टाकून ती नळाशी गेली आणि कितीतरी वेळ चुळा भरत राहिली.

दुपारी इंजिनीअर बाई परत आल्या. त्यांच्यासमोर, ठेकेदारासमोर, गवंड्यांसमोर तिने साचा पालथा करून दाखवला.

"पण उलटा का धरलात?" बाईंनी विचारलं.

"किळस आली."

गवंड्यांत कुणीतरी फिसकन हसलं. ठेकेदाराने पँट वर ओढली. "वा! म्हणजे शीताईंची शी आम्हाला पाच दगडांना पडली होती," तो म्हणाला. हे नाव तोंडावर घेतल्याचं त्याच्या उशिरा लक्षात आलं, आणि मग तोही हसला. कुणी रागावलं नाही, उलट सगळ्यांना हायसं वाटलं. नवे दगड रद्द झाले, बाई टेप काढून उंची मोजू लागल्या, मुख्य गवंडी पहारी आणायला गेला.

"आणि काका?" ताईने विचारलं.

"त्याच्या जागी दुसरा ठेवलाय ना," ठेकेदार म्हणाला. "कळवू त्याला."

"कोण कळवणार?"

"कळवू हो कुणीतरी. चोर नाही म्हटल्यावर त्याला आनंदच होईल, त्यात घाई कसली?"

"कळवायलाच हवं," इंजिनीअर बाई टेपवरून मान न उचलता म्हणाल्या.

तिला पुन्हा तशीच शिसारी आली, या वेळी त्यांची. काल-परवापर्यंत याच माणसांना चोराबद्दल केवढा संताप होता. आता चोर नव्हता, तर म्हातारासुद्धा नव्हता. फक्त दगड होते.

गवंड्याकडून पत्ता घेऊन ती निघाली तेव्हा अजून उजेड होता. जिन्याच्या कोपऱ्यांत थुंकून थुंकून भिंतीचे पापुद्रे सुटले होते. कठड्याला हात न लावता ती तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली. काकाच्या मुलीने दार उघडलं. आत एकच लांब खोली. खिडकीपाशी जावई बसला होता, बस दुरुस्तीच्या कारखान्यातल्या कामाचे काळे हात तेलाने चोळत. काका दाराजवळच्या भिंतीशी, खाली. दाराच्या आतल्या बाजूला एक पिशवी आणि दोरीने बांधलेली वळकटी. उद्या रविवार होता.

ताईने उभ्याउभ्याच सांगितलं. जावयाला पटेना. मग तिने कागद मागितला, ठळक तीन काढला, कागद पालथा करून खिडकीच्या काचेला लावला. उजेडात सहा दिसला.

"शेपटी डावीकडे आहे," ती म्हणाली. "त्यावरून ओळखायचं."

जावयाने कागद घेतला, दोनदा उलटसुलट केला. "एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे ह्यांनी चोरले नाहीत." थोडा थांबून तो म्हणाला, "नसतील चोरले. पण ह्यांच्याकडे बघून कुणालाही वाटावं असंच आहे ना?"

काकाने मान वर केली नाही. मुलगी ताईकडे बघत होती.

"आठवडाभर तुम्ही त्याच पटांगणात होता," ती म्हणाली. "आपलंच काही चुकलं असेल असं एकदाही वाटलं नाही?"

"नाही."

"का?"

सांगण्यासारखी कारणं खूप होती. रखवाली ह्यांची होती, वहीत नोंद होती, तीस वर्षांत चूक नव्हती. एकेक कारण धुऊनपुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं.

"ह्यांनीच घेतले असतील असं धरून चालले," ताई म्हणाली. "सदरा बघून. नखं बघून. मला ह्यांची किळस येते. दुसरं काहीही कारण नव्हतं."

जावयाने हातातला कागद खाली ठेवला आणि बोटं पुसायला लागला; ती केव्हाच कोरडी झाली होती.

"हे तिथे बोललात?" काकाने विचारलं. आवाजात खोकला होता, पण त्याने तो दाबला. "ठेकेदारासमोर?"

"नाही. तिथे फक्त साच्याचं सांगितलं."

"मग हेही सांगा. सगळ्यांसमोर. मी येतो ऐकायला."

"उद्या काम बंद आहे."

"सोमवारी," काका म्हणाला. बसल्याबसल्या त्याने पाय लांब केला आणि दाराशी ठेवलेली वळकटी आत ढकलली.